माझा 'ओ' गट गेला कुठे?

करणी, भानामती, बाहेरची बाधा… असलं काही सांगणाऱ्याला मी आयुष्यभर हसत आलो. नोकरीच तशी होती, सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियनची. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. आज माझ्यावर हसायची पाळी तुमची.

नव्वदच्या दशकाचा मध्य. कराड-उंब्रज पट्ट्यातला दवाखाना, नाव मुद्दाम देत नाही. लॅबमध्ये आम्ही दोघंच, मी आणि विलास. तो माझ्यानंतर तीन वर्षांनी लागला, तरी डॉक्टर त्याला 'विलासराव' म्हणत आणि मला नुसतं 'अहो'. चहा आधी त्याच्या टेबलावर जायचा. एक वेळ तेही चाललं असतं… पण सांगलीच्या ज्या मुलीनं मला बघून नकार कळवला, तिनंच चार महिन्यांत त्याला होकार दिला! रोज तिच्या हातचा डबा माझ्यासमोर उघडायचा आणि वर म्हणायचा, "घ्या ना, भाऊ." जळफळाट व्हायचा नुसता.

जवळच्या एका गावात सोसायटीचं दुकान फुटलं. चोराचा हात खिडकीच्या काचेनं कापला होता आणि काचेवरचं रक्त 'ए' गटाचं, असा पुण्याहून अहवाल आला. पोलिसांनी दत्ता जाधव नावाच्या विशीतल्या पोराला धरलं, कारण त्याच्या हातावर जखम होती. तो म्हणे, ऊस तोडताना कोयता लागला. आता त्याचा गट 'ए' निघाला तर तो अडकणार, नाही निघाला तर सुटणार.

शुक्रवारी त्याचं रक्त मीच काढलं. नळीवर चिकटपट्टी लावून नुसतं आडनाव लिहायचं, ही आमची जुनी खोड. त्या गावात निम्मे लोक जाधव! त्याच सकाळी कारखान्याच्या ओळखपत्रासाठी गट हवा असलेला दुसरा एक जाधव येऊन गेला होता. विलासकडून घाईत नळ्यांची अदलाबदल झाली. मी बघत होतो. तो जेवायला गेल्यावर मी टाइलवर, म्हणजे गट तपासायच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, दोन्ही रक्तं तपासली. दत्ता 'ओ', दुसरा 'ए'. विलासच्या रिपोर्टात नेमकं उलटं.

पुरावा म्हणून टाइल तारीख टाकून खणात ठेवली आणि मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला मला. पुढंमागं कोर्टात चूक उघडी पडेल, विलासरावांची अब्रू जाईल… दत्ताचं काय, हा विचार मनात आलाच नाही.

शनिवारी सकाळी नेहमीसारखं गट तपासायचं सीरम ठीक आहे का बघायला स्वतःच्या बोटाचं रक्त घेतलं. माझा गट 'ओ', त्यात गुठळ्या होत नाहीत. वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. त्या दिवशी 'ए'चं सीरम टाकलं आणि बघता बघता गुठळ्या झाल्या! सीरम बिघडलं म्हणावं, तर आमच्या शिपायाचा 'ओ' बरोबर आला. माझं पुन्हा… 'ए'.

रविवारी सांगलीला बहिणीकडे गेलो आणि तिथल्या खाजगी लॅबमध्ये, अनोळखी माणसाकडून तपासून घेतलं. कागदावर 'ए पॉझिटिव्ह'. परतीच्या एसटीत तो कागद मी कितीदा तरी उघडून बघितला.

सोमवारी लॅबबाहेर दत्ताची आई बसलेली. मला बघून उठली.

"आवं सायब, माझ्या पोरानं न्हाई केलं वो. मिल्ट्रीत भरती झालाय त्यो, परवा निगायचं हाय. एकदा नाव खराब झालं, तर कोण घेतंय त्याला?"

तिच्याकडे बघवेना. हवालदार रिपोर्ट न्यायला यायच्या आत मी डॉक्टरांना गाठलं. नळ्या बदलल्यात, एवढं सांगितलं. दत्ताचं रक्त पुन्हा घेतलं, 'ओ' निघालं आणि तो सुटला. विलास सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे, साहेब." झालं! त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक दवाखानाभर.

"तुम्हाला केव्हा कळलं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

माझा गट मात्र परत आला नाही. मागच्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासला, तेव्हाही 'ए'. पूर्वीची तपासणी चुकली असेल, असं डॉक्टर म्हणतात. रोजची? इतकी वर्षं?

ऑपरेशननंतर न राहवून विलासला फोन केला, सगळं कबूल केलं.

"मला माहीत होतं, भाऊ. त्या सोमवारी कात्री शोधताना तुमच्या खणात ती टाइल मिळाली. वर शुक्रवारची तारीख होती, दोन्ही जाधवांची रक्तं वाळलेली. कुणाला दिसायला नको म्हणून मीच धुऊन ठेवली."

फोन ठेवल्यावर मला खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी मनात आलं ते हेच… एवढं मोठं मनसुद्धा त्यालाच का मिळावं?