नाव तिखटाचं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, सख्ख्या भावाजवळसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय — काय माहीत. आमच्या सिडकोत माझं नाव चांगलं आहे हो. कुणाच्या घरी दवाखाना निघाला की पहिला फोन मला येतो. म्हणून आणखीच जड जातंय.

अंबडच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. माल रिजेक्ट होऊन आला की कारण शोधायचं, हे माझं काम. कारण कधी मशीनमध्ये असतं, कधी कच्च्या मालात, कधी चार बारीकसारीक गोष्टी एकत्र येतात आणि घोळ होतो. ते शोधायला डोकं लागतं. आणि कंटाळा आला की आम्ही काय लिहायचो, माहितीये? 'ऑपरेटरची चूक.' झालं! तो बिचारा काय बोलणार?

हीच खोड मी घरी आणली. सांगतो, जरा दमानं घेऊ द्या.

सुरेखा, माझी बायको, सायखेड्याची. तिच्या हाताला असं तिखट की तिचा भाऊ म्हणायचा, "ताईचं कालवण लय भारी, पण जेवताना रुमाल लागतो बुवा!" ती हसायची आणि त्याला मुद्दाम आणखी एक पळी वाढायची. आमच्या भाऊबंदात कुठंही कार्य असलं की रश्श्याला फोडणी सुरेखानंच द्यायची, हे ठरलेलं. चुलीपुढं पदर खोचून उभी राहिली की तिच्या चेहऱ्यावर काय तेज असायचं! मी लांबून बघायचो. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग माझं पोट सुरू झालं. कळा, जुलाब, कधी रक्त. वजन बारा किलोनं उतरलं. आधी आतड्याचा टीबी समजून सहा महिने गोळ्या घेतल्या, काही फरक नाही. शेवटी दुर्बिणीनं तपासलं, तुकडा तपासायला गेला आणि नाव कळलं — क्रोन्स. मी तर तोवर ऐकलंही नव्हतं.

त्या दिवशी सुरेखा खाली औषधाच्या रांगेत होती. केबिनमध्ये मी एकटाच. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. म्हणाले, याचं एकच एक कारण सापडत नाही. शरीराची राखण करणारी ताकदच आपल्या आतड्यावर उलटते. थोडं रक्तातून येतं, थोडं बाहेरून. तिखटानं हा आजार होत नाही, फक्त दुखत असताना झोंबतं, तेवढ्यापुरतं कमी खा. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. सिगारेट ओढता? मी म्हणालो, सात-आठ. ते म्हणाले, ती आजच्या आज सोडा, हा आजार वाढवणाऱ्यांत ती पक्की आहे.

आता अडचण काय होती ते ऐका. सुरेखाच्या लेखी मी सिगारेट कधीच सोडलेली होती. आमच्या प्राजूच्या बारशाच्या दिवशी, तिच्या पाळण्याला हात लावून. कंपनीच्या गेटसमोरची टपरी, वर बडीशेप, मग घर — इतकी वर्षं असंच चाललं होतं. तिनं कधी खिसा तपासला नाही. विश्वास होता ना!

मी खाली आलो. हातात औषधाची पिशवी घेऊन ती धावतच आली. काय म्हणाले, कशानं झालं? आणि मी — काही ठरवून नाही, पण म्हणून काय झालं? — मी म्हणालो, "खाण्यापिण्यातून होतं म्हणे. तिखट-बिखट."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळं?"

मी म्हणालो, "असं काही नाही गं." कसं म्हणालो ते तुम्ही ऐकायला हवं होतं. 'होय' म्हणालो असतो तर बरं झालं असतं, निदान भांडली तरी असती.

त्या आठवड्यात घरातला काळा मसाला शेजारच्या काकूंकडं गेला. उन्हाळ्यात मिरच्या कांडायला नेणं बंद झालं. मला मऊ भात आणि फिकं वरण, आणि तिलाही तेच. मी म्हणायचो, तू का उपाशी मरतेस, तुझ्यापुरतं कर की वेगळं. ती म्हणायची, तुमच्या पोटाची आग केली मी, आता माझ्या घशाखाली उतरेल का ते? बारा वर्षं झाली. आणि तेव्हा मी काय करत होतो? वरण-भात कालवत होतो.

एकदा विंचूरला, थोरल्या बहिणीच्या घरभरणीला, फोडणीसाठी कुणीतरी सुरेखाला हाक मारली. तर आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "नको गं बाई, हिच्या हातानंच माझ्या भावाचं आतडं जाळलं." सुरेखा पाणी वाढायला निघून गेली. मी पंगतीत बसलो होतो. एक शब्द बोलायचा होता मला — एकच! मी ताटात बघत राहिलो. त्यानंतर तिनं कुठल्याच कार्यात चुलीजवळ पाऊल टाकलं नाही.

पुढं ऑपरेशन झालं, वीतभर आतडं काढलं. दवाखान्यातल्या बाकावर ती नऊ रात्री बसून होती. आणि घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा टपरीवर! नंतर सुटली सिगारेट, खरंच सुटली. पण सांगणार कुणाला? सगळ्यांच्या लेखी ती आधीच सुटलेली.

इथंच थांबता आलं असतं. पण यंदा प्राजूचं पोट दुखायला लागलं. पुण्याहून घरी आली तर गालफडं बसलेली. तपासण्या झाल्या. तेच निघालं, क्रोन्स.

नवी डॉक्टर, तरुण मुलगी. केबिनमध्ये आम्ही तिघं. कुणी काही विचारायच्या आत सुरेखा हात जोडून म्हणाली, माझ्याच हातचं खाऊन वाढली हो ही. डॉक्टर म्हणाली, "अहो काकू, तिखटानं नसतो होत हा आजार! घरात आणखी कुणाला आहे का?" प्राजूनं माझ्याकडं बोट केलं. मग मला विचारलं, काका, सिगारेट? मी म्हणालो, होती, हिच्या बारशापर्यंत.

ऐकलंत? परत. पोरीसमोर, पोरीच्या आजारात.

रिक्षात बसल्यावर सुरेखानं विचारलं, मग तुमच्या त्या डॉक्टरांनी तिखट का सांगितलं होतं? मी म्हणालो, तेव्हा त्यांना तरी कुठं एवढं कळत होतं. तिनं मान हलवली. म्हणाली, जाऊ दे, नावं नको ठेवायला, तुम्हाला वाचवलं त्यांनी.

सीबीएसच्या सिग्नलला रिक्षा थांबली. तिनं माझं मनगट धरलं.

"म्हणजे मी नाही ना हो?"

"नाही गं. तू नाही."

ती रडायला लागली. पदर तोंडाला लावून, प्राजूला कळू नये म्हणून आवाज दाबत, माझं मनगट न सोडता. मला म्हणाली, तुम्ही म्हणालात, बरं वाटलं.

हे एवढंच तिला हवं होतं. बारा वर्षांपूर्वी, औषधाच्या रांगेजवळ, ते माझ्याजवळ होतं. मी दिलं नाही.