हेमकांतचे खांदे

विसरवाडीच्या चौफुलीवर ट्रकवाले चहाला थांबतात त्या ओळीत हेमकांतचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि मयतांचे मोठे फोटो अशी तीन कामं तिथे होतात, आणि स्टुडिओ चालतो तो तिसऱ्यावर. आधार कार्डावर माणूस कसाही दिसो, भिंतीवर तो नीट दिसला पाहिजे असं सगळ्यांनाच वाटतं. त्यासाठी हेमकांतकडे एक निळा कोट होता. कोट म्हणजे सोळा वर्षांपूर्वी उसन्या कोटात काढलेला त्याचा स्वतःचाच फोटो, फक्त डोकं कापलेला. मयताचं डोकं आणायचं, त्यावर बसवायचं, मागे आभाळ टाकायचं, की काम झालं. ज्याने उभ्या जन्मात सदऱ्याचं वरचं बटण लावलं नाही, तोही मेल्यावर कोट घालायचा. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत हेमकांत कुठेही जेवायला बसला, तरी समोरच्या भिंतीवर त्याला आपलेच खांदे दिसत.

सोळा वर्षांत याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. पहिली तक्रार रमिलाबाईंनी केली.

रमिलाबाई वरच्या पाड्यावरच्या. त्यांचा नवरा दलसिंग तापाने गेला होता आणि वर्षाचं जेवण महिन्यावर आलं होतं. दलसिंगचा फोटो म्हणावा असा एकच होता. पुतण्याने कुणाच्या तरी लग्नात मोबाइलवर काढलेला, आणि तोही नंतर दलसिंगपुरता कापलेला. पुतण्याने तो हेमकांतला पाठवला आणि ऊसतोडीला गुजरातेत गेला. तिथे त्याचा मोबाइल हरवला. म्हणजे दलसिंग आता जगात फक्त हेमकांतच्या कॉम्प्युटरमध्ये शिल्लक होता.

हेमकांतने अर्ध्या तासात त्याला कोट घातला. रमिलाबाईंनी बराच वेळ फोटो बघितला. घरची त्यांची बोली वेगळी; मराठी फक्त दुकानात आणि कचेरीत लागायची, म्हणून ती त्या जपून वापरत.

"तोंड त्याचं आहे," त्या म्हणाल्या. "खांदे नाहीत."

दलसिंगने जन्मभर डाव्या खांद्यावर बांबूच्या मोळ्या वाहिल्या होत्या आणि तो खांदा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. हे खांदे कुण्या बसून खाणाऱ्याचे आहेत, असंही रमिलाबाईंनी सांगितलं. हेमकांतला राग आला, पण खांदे कोणाचे हे सांगायची ती वेळ नव्हती.

मूळ फोटोत खांदा उतरलेलाच होता. अडचण वेगळी होती. त्या खांद्यावर मागून कोणाची तरी चार बोटं आली होती. बाकीचा माणूस कापला गेला होता. रापलेली, कष्टाची बोटं. बाईची की पुरुषाची, सांगता येऊ नये अशी. मयताच्या फोटोत परका हात ठेवत नाहीत, हे धंद्यातलं पोरही जाणतं, त्यामुळे त्याबद्दल कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पण बोटं काढली की खालचा शर्ट नव्याने भरावा लागे, आणि शर्ट होता चौकड्यांचा. चौकडे काही केल्या जुळेनात. खांदा गोधडीला ठिगळ लावल्यासारखा दिसायला लागला. हेमकांत सवयीप्रमाणे मूळ फोटोवरच काम करून वर सेव्ह दाबणार, तेवढ्यात वीज गेली. दलसिंग वाचला तो वीज मंडळाच्या कृपेने.

फोटोदुरुस्ती शिकवणारे मोबाइलवरचे व्हिडिओ बघून झाले होते. त्यांतली मुलं माउस कुठे नेतात ते दिसायच्या आत काम संपवून टाकत. तेव्हा हेमकांतने पुस्तक घ्यायचं ठरवलं, आणि तेही साधं नको, पुढचं शिकवणारं. सोळा वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाने पहिल्या धड्यापासून शिकायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. तो बायकोला, दीपमालाला, घेऊन नवापूरहून गाडीने सुरतेला गेला.

दुकानदाराने तीन पुस्तकं पुढे टाकली. हिंदी पुस्तक तीस दिवसांत उस्ताद करणार होतं, पण ते काळ्या शाईत छापलेलं. दुरुस्तीच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी, आणि दोन्ही सारखेच काळे. गुजराती पुस्तकाला मागे सीडी चिकटवलेली होती आणि हेमकांतच्या कॉम्प्युटरला सीडीची जागाच नव्हती. तिसरं इंग्रजी, रंगीत, उशाला घेता येईल एवढं जाड. त्यात गोऱ्या बायकांचे तीळ काढले होते आणि समुद्रकिनाऱ्यावरची माणसं पुसून किनारा मोकळा केला होता. उतरलेला खांदा कुठल्याच पुस्तकात नव्हता. हेमकांतने हिंदीला हात घातला.

दीपमाला इंग्रजी पुस्तक उघडून उभ्या उभ्या वाचत होती. लग्नाआधी तिने इंग्रजी घेऊन बीए केलं होतं.

"तुले हाई वाचता येस?" हेमकांतने घरच्या अहिराणीत विचारलं.

"येस ना," ती म्हणाली. "अठरा वरीसमा कोनी इचारंच नही." मग तिने पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "आठे लिखेल शे, मूळ फोटोले हात लावू नका. त्यानी नक्कल करा नि नक्कलवर काम करा."

हेमकांत म्हणाला, हे तर पोरांना शिकवायचं. दीपमाला म्हणाली, मग तुम्ही करता का? हेमकांतने हिंदी पुस्तक परत ठेवलं, आणि इंग्रजी पुस्तक पिशवीत पडलं.

पुढचे नऊ दिवस जेवणं झाली की दीपमाला एकेक परिच्छेद अहिराणीत सांगे आणि हेमकांत करून बघे. पहिल्या पानाचं त्याने रागारागाने ऐकलं. मूळ दलसिंग खाली तसाच ठेवला आणि सगळी दुरुस्ती वरच्या लेयरवर, म्हणजे काचेसारख्या वेगळ्या थरावर, केली. दहाव्या दिवशी चौकड्याला चौकडा जुळला. खांदा उतरलेला, मोकळा, दलसिंगचाच. हेमकांतला सोळा वर्षांत पहिल्यांदा आपण कारागीर आहोत असं वाटलं.

रमिलाबाई आल्या. स्क्रीनवरचा खांदा बघून त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "बोटं कुठे गेली?"

काढून टाकली, हेमकांत म्हणाला. एक चौकडा चुकलेला नाही, हवं तर मोजून घ्या.

"ती माझी होती," रमिलाबाई म्हणाल्या.

लग्नात फोटो काढताना पुतण्याने जवळ उभं राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. चार लोकांसमोर असा एकदाच. दुसरा कुठला फोटो दोघांनी मिळून काढलाच नव्हता.

हेमकांतला फार लाज वाटली. तो खुर्चीत बसला, लेयरची यादी उघडली आणि सगळ्यात वरच्या लेयरपुढचं डोळ्याचं चिन्ह बंद करून तो थर लपवला. नऊ दिवसांचं काम गेलं आणि चार बोटं खांद्यावर परत आली.

रमिलाबाईंनी हात पुढे केला आणि स्क्रीनवरच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. स्क्रीनला हात लावू नये अशी पाटी शेजारीच आहे, हेमकांतच्याच अक्षरातली. त्याने फक्त विचारलं, मागे आभाळ टाकू का.

"नको," रमिलाबाई म्हणाल्या. "असाच द्या. दोघांचा."