टाकीवाल्यांची चार बोटं

टाकीवाल्यांना गल्लीत कुणी खोटारडे म्हटलं असतं तर म्हणणाराच हास्यास्पद ठरला असता. गृहस्थ खोटं बोलत नसत, फक्त कमी सांगत. साखर अर्धा डबा असली तरी म्हणणार, "तळाला लागलीय." गाडी दहाची असली की बायकोला नऊची सांगणार, आणि मग दोघं स्टेशनावरच्या बाकावर तासभर एकमेकांकडे पाठ करून बसणार. मुलीच्या लग्नात "कमी पडेल, कमी पडेल" करत त्यांनी आचाऱ्याला इतकं घाबरवलं की पुढचे दोन दिवस अख्खी गल्ली उरलेला भात खात होती. शेजारणींनी नाकं मुरडली, पण डबे भरून नेले ते नेलेच.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली होती. बंदराला लागून तेलाचा डेपो, आणि डेपोत सहा टाक्या. एकेक टाकी चार मजली घराएवढी उंच आणि घेर असा की आत आमची गल्ली दोन्ही बाजूंच्या गटारांसकट मावावी. देश लहान, स्वतःचं तेल थेंबभर नाही. लागेल ते सगळं डिझेल समुद्रापलीकडच्या बड्या शेजाऱ्याकडून जहाजानं यायचं आणि या सहा टाक्यांत उतरायचं. टाकीवाले रोज सकाळी सातला कडेच्या लोखंडी जिन्यानं वर चढत, छपरावरचं झाकण उघडत आणि टोकाला पितळी वजन असलेली पोलादी टेप आत सोडत. वजन तळाला टेकलं की टेप वर ओढायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं. जेवढी ओली, तेवढं तेल.

वहीत मात्र तेवढं लिहायचं नाही. ओल्या खुणेला चार बोटं आडवी लावायची आणि बोटांच्या खालचा आकडा लिहायचा. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं, "जास्त लिहिलंस आणि उद्या कमी भरलं, तर चोर तू. कमी लिहिलंस आणि जास्त भरलं, तर कोण विचारतंय?" एकतीस वर्षं कुणी विचारलं नाही. टाकीवाल्यांना याचा थोडा अभिमानच होता. आपल्या हातून देशाला कधी तूट आली नाही, असं ते दाढी करताना आरशाला सांगत. खालचा सुपरवायझर त्यांच्या आकड्यातून गाळापोटी आणखी कापतो, आणि राजधानीतले साहेब लोक त्यातून आपापलं कापतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण ज्याची त्याची बोटं. दुसऱ्याची कोण मोजतो?

मग तो उन्हाळा आला. किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर समुद्रात एक उथळ पट्टा आहे. मासा सगळा तिथे. बड्या शेजाऱ्याला तो पट्टा आपल्या आरमारासाठी हवा होता आणि आपलं सरकार बरीच वर्षं नाही म्हणत होतं. शेजाऱ्यानं भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. नुसती तेलाची जहाजं थांबवली.

पंधरा दिवसांत गल्लीचा नूर पालटला. स्कूटर ढकलत नेणं ही फॅशन झाली. बस एक दिवसाआड. पंपावर रांगेत उभं राहायला लोक घरून स्टूल नेऊ लागले आणि त्या रांगेत दोन लग्नंही जुळली, एक टिकलं. टाकीवाल्यांना मात्र भलताच भाव आला. ज्याला त्याला एकच विचारायचं, "काय हो, किती उरलंय?" हे मान हलवून म्हणत, "तळाला लागलंय." त्यांचं ऐकून आणखी चौघं रांगेत जाऊन उभे राहत.

वर काय चाललं होतं ते पुढे पेपरात आलं. दूरच्या एका देशातून दुसरं जहाज निघालं होतं. ते पोचायला दहा दिवस होते. टाक्यांत दहा दिवसांचं तेल असेल तर ताठ राहायचं, नसेल तर सही करायची, असं मंत्र्यांनी ठरवलं. राजधानीतून आकडा मागवला. आकडा आला नऊ. त्याच दुपारी सही झाली. पट्टा तीस वर्षांसाठी गेला.

दोन दिवसांत शेजाऱ्याचं जहाज धक्क्याला लागलं. रिकाम्या टाक्यांच्या हिशेबानं भरून आलेलं. टाकीवाले वर चढून टेप सोडत होते, आणि अजून देशाला आठवडाभर पुरेल एवढं तेल जहाजातच असताना सहाव्या टाकीतली टेप झाकणापाशी ओली लागली. त्यांनी शिट्टी फुंकून फुंकून पंप थांबवायला लावला. जहाजाचा अधिकारी चहाचा कप हातात घेऊन खाली आला. तो काही रागावला नव्हता. चांगला हसत होता.

"जागा नाही म्हणता? मग संपलं होतं ते काय?"

सुपरवायझर म्हणाला, "ऊन फार आहे. उन्हानं तेल फुगतं."

"असेल," अधिकारी म्हणाला. "तुमच्याकडे सात दिवस पुरेल एवढं फुगलेलं दिसतं."

जहाज आठवडाभर टाक्या रिकाम्या व्हायची वाट बघत उभं राहिलं. टाकीवाले त्या दुपारी टाकीच्या सावलीत बसले आणि डबा न उघडता त्यांनी हिशेब केला. सहा टाक्या, प्रत्येकीत चार बोटं. देशाला बरोबर एक दिवस पुरेल एवढं तेल. नवात एक मिळवला की दहा. बाकीचे सहा दिवस कुणाकुणाचे होते देव जाणे, पण त्यांना आपलाच दिसत राहिला.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती, कारण बायकोचा धाकटा भाऊ त्या पट्ट्यावर मासे धरायचा.

मेहुण्याची स्वतःची बोट होती, वडिलांनी बांधलेली. दर रविवारी तो बहिणीकडे यायचा, हातात ताजी मासळी आणि तोंडात गल्लीभर ऐकू जाईल एवढा आवाज. आता किनाऱ्यालगत करंगळीएवढी मासळी मिळायची, ती डिझेललाही पुरत नव्हती. रविवारी तो यायचा, पण हात हलवत. टाकीवाले त्या दिवशी काहीतरी काम काढून बाहेर जाऊ लागले. शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करून दिले, न मागता. गल्लीत कुजबूज झाली की मेहुण्याला जेवू घालणं जिवावर येतं. आमच्या गल्लीला अंदाज बांधायला फार वेळ लागत नाही, आणि बरोबर यायची सवयही नाही.

खरी गोष्ट अशी होती की मेहुणा त्यांचंच गुणगान करत हिंडत होता. मच्छीमारांच्या संघातले निम्मे लोक कोर्टात जायचं म्हणत होते. तेल खरोखर संपलंच नव्हतं, अशी त्यांना शंका. त्यांना हाच गप्प बसवायचा. "माझे भाऊजी टाकीवर आहेत. काही काळंबेरं असतं तर आधी मला सांगितलं असतं." हे बायकोनं कौतुकानं घरी सांगितलं, त्या दिवशी टाकीवाले अर्ध्या ताटावरून उठले.

दिवाणी दावा करायची मुदत संपत आली, त्या रविवारी मेहुण्यानं त्यांना दारातच गाठलं.

"कुठे निघालात भाऊजी? बसा की. उद्या बोट बघायला माणूस येतोय."

"कसला माणूस?"

"विकतोय. तिला नुसतं उभं करून रंग देत बसू का?" तो हसला. "वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी आपलं मनाला सांगतो. त्या उन्हाळ्यात आईला मशीनवर ठेवलं होतं तेव्हा हॉस्पिटलचा जनरेटर चालू होता ना? सही न करता तेल संपू दिलं असतं तर बोट राहिली असती आणि आई गेली असती. बरोबर ना?"

टाकीवाले चपला काढून परत आत येऊन बसले. बायकोनं दोघांपुढे चहा ठेवला.

"संघातली पोरं म्हणतात, एकदा भाऊजींना तोंडावर विचार. म्हणून विचारतो. खरंच संपत आलं होतं ना?"

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. बोट विकली गेली असती, कोर्ट टळलं असतं, तीन वर्षांनी पेन्शन सुरू झाली असती, आणि मेहुणा पोटभर जेवून गेला असता. टाकीवाल्यांनी तोंड उघडलंही होतं.

"नाही," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. टेप, ओली खूण, चार बोटं, नऊ आणि दहा. सांगताना त्यांनी स्वतःचा हात पुढे धरला होता, नकळत, बोटं आडवी जुळवून. मेहुणा त्या हाताकडे बघत होता.

"का पण?"

"सगळेच करतात."

"सगळ्यांचं नाही विचारलं. तुम्ही का?"

"आपल्यावर नको यायला, म्हणून."

"आणि सही झाल्यावर? इतके महिने?"

"तेही त्याचसाठी."

मेहुण्यानं चहा अर्धा ठेवला आणि तो चपला घालून गेला. टाकीवाल्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा फैलावर घेणारी बाई, त्या दिवशी तिनं नुसता तो कप उचलला आणि कितीतरी वेळ विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा परत आला. बरोबर संघाचे दोन म्हातारे आणि एक कोरा कागद.

"लिहून द्याल?"

टाकीवाल्यांनी चष्मा लावला. तारखा, टाक्यांचे नंबर, कुठल्या दिवशी टेप कुठवर ओली होती आणि वहीत काय लिहिलं, सगळं लिहिलं. एकही आकडा आठवावा लागला नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. एका म्हाताऱ्यानं कागद वाचून विचारलं, "नोकरी जाईल, ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग कोर्टात उभं राहून हेच सांगाल?"

"सांगेन."

"घे रे, चहा टाकलाय," बायको आतून भावाला म्हणाली.

"नको, ताई. पुन्हा कधीतरी." मेहुण्यानं कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मग टाकीवाल्यांकडे वळून दोन्ही हात जोडले, डेपोच्या फाटकावर कुणाही अनोळखी माणसाला जोडावेत तसे.

"येतो आम्ही, साहेब."