एका टॉवरचे वाटेकरी

आमच्याकडे तक्रार सुटली की कॉम्प्युटरवर ती बंद होते, पण तक्रार करणारा माणूस काही डोक्यातून जात नाही. चंदीगडला येऊन मला सहा वर्षं झाली. सेक्टर ३४ मधल्या एका मोबाईल कंपनीच्या ऑफिसात टॉवरची क्षमता लोकांत वाटून देणं, हे आमचं काम. डोक्यात अशी तक्रारवाली माणसं बरीच साठली आहेत.

पहिल्याच दिवशी आमचे साहेब, गिल सर, मला गच्चीवर घेऊन गेले. समोरचा टॉवर दाखवून म्हणाले, "मॅडमजी, इसे खडा करना आसान है. बांटना मुश्किल." टॉवरची क्षमता ठरलेली असते, फोन वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. एवढं तर कॉलेजात शिकलेच होते. यात अवघड काय, असं मला वाटलं.

*

खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे. एकदा ऑनलाइन परीक्षेत सगळ्यांनी एकदमच पेपर पाठवले आणि काहींचे अडकले. एक मुलगी जिना चढून वर आली. बटण तिनं सगळ्यांच्या आधी दाबलं होतं म्हणे. मी समजावलं, की आतल्या खोलीत सिग्नल कमजोर, त्यामुळे तेवढाच पेपर पाठवायला तिच्या फोनला जास्त वेळ लागतो. खिडकीजवळच्यांचं आधी उरकतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब जो पहले से आगे है, वही आगे?"

मी तिला पाणी दिलं.

*

सणाच्या आदल्या दिवशी सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर सिग्नलची मोजणी करत होते. गर्दी तुफान. माझं फोनवरचं मराठी ऐकून एक जवान जवळ आला. साताऱ्याचा. बाळ सकाळीच झालं होतं आणि व्हिडिओ कॉल लागत नव्हता. मी म्हटलं, "व्हिडिओ सोडा, साधा फोन लावा. आवाजाला आम्ही आधी वाट देतो."

फोन लागला. तो फोन कानाला घट्ट धरून उभा राहिला. बस लागल्यावर म्हणाला, "रडतंय ताई. चांगलं मोठ्यानं रडतंय."

*

मागच्या वर्षी मी वाटपाचा नियम बदलला. चांगला सिग्नल असलेल्यांना जास्त वाटा. सरासरी वेग वाढला, वरून शाबासकीचा मेल आला.

आठवड्यानं एका मुलीची तक्रार आली. तिची आई शहराबाहेरच्या गावात, अगदी टोकाच्या, कमजोर सिग्नलच्या घरात एकटी राहते. तिला ऐकू येत नाही, बोलणं सगळं हातांनी, व्हिडिओ कॉलवर. मुलीनं लिहिलं होतं, 'आठ दिवस आईचे हात अर्ध्या वाक्यात थांबताहेत.'

गिल सर आणि मी दुपारी तिथं गेलो. बीजींनी, म्हणजे त्या आईनं, अंगणात खाटेवर बसवलं, लस्सी दिली आणि फोन पुढे धरला. पडद्यावर मुलगी गोठलेली. सरांनी ऑफिसला फोन करून जुना नियम परत लावायला सांगितला.

"सर, सरासरी पडेल," मी म्हणाले.

"पडने दो."

थोड्या वेळानं मुलीचे हात हलले. बीजींनी फोन भिंतीला टेकवला आणि दोन्ही हातांनी बोलायला लागल्या. आठ दिवसांचं साठलेलं होतं. आम्हा दोघांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

गिल सरांनी खिशातले आपले दोन्ही फोन काढून बंद केले. मग माझ्यापुढे हात पसरला. मीही माझा बंद करून त्यांच्या हातात दिला.