अण्णांनी भरून ठेवलेलं गाऱ्हाणं

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पावसाळ्यात गेले आणि जत्रेत ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालायचा आमच्या घराण्याचा मान माझ्याकडे आला. साऱ्या गावासाठी देवीला घालायचं ते साकडं, आणि दर मागण्याला गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात गावच्या सीमेवरच्या देवांची नावं ठरल्या क्रमाने यावी लागतात. उभा जन्म मुंबईत नोकरी केलेल्या मला त्यातलं एक वाक्य धड येत नव्हतं. अण्णांनी ते स्वतःच्या आवाजात घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर भरून ठेवलं होतं. आणि जत्रेला पाच दिवस उरले असताना त्याची हार्ड डिस्क नुसती टकटक करू लागली.

मी तो दहादा बंद-चालू केला. मालवणातल्या इंजिनिअरने सांगितलं, मुंबईला पाठवा, महिना लागेल. मग चिडून मीच डिस्कचं झाकण उघडायला बसलो, तर बायको आडवी आली. "आधी देवीचो कौल घेवया. मगे काय ता करा." देवळात गुरवाने देवीच्या पाषाणाला फुलांच्या पाकळ्या लावल्या आणि झाकण उघडू का म्हणून विचारलं. उजवी पडली तर होकार. पाकळी डावीकडे पडली. देवीशीच भांडावंसं वाटलं, पण उघडायचं धाडस होईना.

स्वतः नेली तर लवकर होईल या आशेने दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन मुंबईला निघालो, तर वाटेत कट्टा गावी पुढची एसटी चुकली. स्टॉपवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "इतक्या सांभाळून काय नेतास?" सगळं सांगितलं. तो टीव्ही दुरुस्त करणारा निघाला. दुकान समोरच होतं.

"झाकण उघडलास नाय मा? बरा केलास. धुळीन मेली आसती." त्याने डिस्कखालची हिरवी पट्टी सोडवून तिच्यावरचा काळा थर दाखवला. "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान." साध्या खोडरबराने तो थर घासून काढला, पट्टी परत बसवली आणि डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. टकटक झाली. पुन्हा झाली. मग थांबली.

अण्णांचा आवाज आला. देवांची नावं ओळीने आली, गावासाठी सगळं मागून झालं आणि शेवटी ते म्हणाले, "गे माये, माझो झील मुंबयक आसा. तेका तुझी याद रवली नाय, तरी तू तेका इसरू नको." त्यांचा झील, त्यांचा मुलगा, मीच तो. मला रडूच कोसळलं.

हा चमत्कार की खोडरबराची करामत, हा वाद मी घालत नाही. त्या म्हाताऱ्याचे पाय धरले, एवढं खरं. जत्रेत गाऱ्हाणं घातलं, दोन नावं मागेपुढे झाली, गावाने सांभाळून घेतलं. स्वतःसाठी मी काही मागितलं नाही. माझं मागणं अण्णांनी आधीच घालून ठेवलं होतं. त्याला मनातल्या मनात "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि डोकं टेकलं.