जाळीतून सांगितलेला शेवट

गेल्या रविवारी सिनेमा संपत आला आणि मी तुमच्या पडद्यावरून नाहीशी झाले. तुम्ही हाका मारत राहिलात. परत आल्यावर मी म्हटलं, कुकर लावला होता. कुकर लावला नव्हता. काय झालं होतं ते आता लिहिते, कारण आता सगळं ठीक आहे आणि तुम्हाला ते कळायला हवं.

तो सिनेमा तुमच्या बाबालाही तुमच्याच वयात आवडायचा. तेव्हा आम्ही त्याची कॅसेट भाड्याने आणत असू. आता तुम्ही तिकडे संध्याकाळी आणि आम्ही इकडे इंदिरानगरात दुपारी, फोनवर एकमेकांना बघत, एकाच वेळी बटण दाबतो. तो जुना का होत नाही, याचा मी विचार केला आहे. भूतकाळात नेणाऱ्या त्या गाडीमुळे नव्हे. आपल्या आईवडिलांना आपल्या वयाचं असताना एकदा पाहावं, असं प्रत्येकालाच वाटतं. मला या वयातही वाटतं. आणि दुसरं कारण म्हणजे तो घड्याळाचा प्रसंग. वीज ठरलेल्या क्षणी मनोऱ्यावर पडणार आणि आपल्या काळात परतायला मुलाची गाडी नेमक्या त्याच क्षणी तारेखाली पोहोचायला हवी. पोहोचते, हे पाठ असूनही मी दर वेळी खुर्चीच्या कडेला सरकते.

तुमच्या आबांना तर तो प्रसंग बघवतच नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तो एकदाही पाहिलेला नाही. "पोराला घरी जायचंय आणि घड्याळ काही थांबत नाही. हे बसून बघायचं कसं?" असं म्हणून ते उठतात.

त्या दिवशीही उठले. "दही घेऊन येतो," म्हणाले. फोन टेबलावरच ठेवून गेले.

आता यातली अडचण सांगते. आबा जेवणाआधी इन्सुलिन घेतात. ते टोचलं की थोड्या वेळात पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर रक्तातली साखर घसरते. आधी घाम फुटतो, मग बोलणं अडखळतं आणि वेळीच काही खाल्लं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. त्यांनी नेहमीच्या वेळी टोचून घेतलं होतं. तुमचा फोन उशिरा लागला, सिनेमा लांबला, "आजी, एवढा शेवट बघू मग जेवा," असं तुम्ही म्हणालात आणि आम्हीही मान डोलावली.

ते बाहेर पडून बराच वेळ झाला होता. एवढ्यात वीज गेली. आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, त्यामुळे तुम्हाला काही कळलं नाही. लिफ्ट इन्व्हर्टरवर नाही. जिन्यातून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा आवाज आला, "काकू, काका लिफ्टमध्ये अडकलेत."

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. ती दोन मजल्यांच्या मधे थांबली होती. आमच्या मजल्यावरच्या जाळीतून तिचा वरचा वीतभर भागच काय तो दिसत होता. मी फरशीवर आडवी झाले. आबा आत खाली बसले होते आणि मला वरून त्यांचं टक्कल आणि हात तेवढे दिसत होते. टक्कल घामाने चमकत होतं.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"दही आणलंय."

"ते ठेवा बाजूला. उभं राहता येतंय?"

"कशाला? वीज येईल आता."

शेजारणीने लिफ्टवाल्याला फोन लावला. तो सिन्नरला होता. "निघतो लगेच, पण टाइम लागंल," म्हणाला. ती जिन्यावरून आत बघत म्हणाली, "काका, लिफ्टला बॅटरी नको, उगाच खर्च, असं मीटिंगमध्ये कोण म्हणालं होतं?"

एरवी त्यांनी तिला सोडलं नसतं. या वेळी काहीच बोलले नाहीत. तेव्हा मी घाबरले.

डोकं ठिकाणावर आहे का हे बघायला मी विचारलं, "सिनेमाच्या शेवटी काय होतं, सांगा बघू."

"माहीत नाही."

मी उठून धावणारच होते. मग लक्षात आलं, त्यांनी तो भाग पाहिलाच कुठे आहे. मी दुसरं विचारलं, "मुलाचे वडील तरुणपणी कसे असतात?"

 ते जड जिभेने म्हणाले, "घाबरट. माझ्या... माझ्यासारखे."

दह्याने साखर पटकन चढत नाही, म्हणून मी गोड काही आणायला घरात धावले. तुम्ही पाठवलेली जेलीच्या गोड गोळ्यांची अस्वलं मी आबांच्या हाती लागू नयेत म्हणून डब्यांमागे ठेवली होती. पाकीट फोडून एकेक अस्वल जाळीतून खाली टाकू लागले.

"खा."

"भूक नाही. सिनेमा संपला की जेवू." साखर उतरली की ते असे हट्टी होतात.

आमचं दार उघडंच होतं. आतून वादळाचा आवाज येत होता आणि तुमचं ओरडणंही. मी म्हटलं, "एक तोंडात घाला, मग पुढचं सांगते. मनोऱ्यावरची तार सुटलीय."

"सुटली?"

"आधी खा."

त्यांचा हात फरशीवर चाचपडला. अस्वल सापडलं, तोंडाकडे गेलं. मी सांगितलं, तार जोडायला गाडी बनवणारा तो म्हातारा वर चढलाय. दुसरं टाकलं. गाडी सुरूच होत नाहीये. तिसरं त्यांच्या खांद्यावरून घरंगळलं आणि ते शोधायला त्यांना इतका वेळ लागला की मी रडकुंडीला आले. आत तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पण माझी गाडी अजून रस्त्यातच होती. मी ती मुद्दाम हळू चालवली. पाकीट निम्मं झालं.

"किती लांबवतेस," आबा म्हणाले. शब्द स्पष्ट होते. "आणि ही शेजारीण अजून इथेच आहे का? तिला सांग, बॅटरीचा ठराव मी मांडतो, पण वर्गणी आधी तिने द्यायची."

ती हसत जिन्याच्या पायरीवर बसली. मी मात्र आडवीच राहून आणखी एक अस्वल खाली टाकलं.

लिफ्टवाला यायच्या आतच वीज आली. आबा वर आल्यावर मी त्यांना दारातल्या स्टुलावर बसवलं आणि तिथेच दहीभात भरवला. साखर तपासली. खाली होती, पण चढत होती. मग मी तुमच्यासमोर येऊन कुकरचं सांगितलं.

आता आमच्याकडे आधी जेवण, मग सिनेमा. येत्या रविवारी तुमचा फोन लागला की आम्ही ताटावर असू. आबा फार सावकाश जेवतात, तुम्हाला कंटाळा येईल. त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत बटण दाबू नका.