स्वयंपाकघरातल्या चपला

"पयलं पाऊल वैऱ्याचं गुरुजी, मंग आपलं," असं म्हणत मावशी भिंतीला हात लावून उठायच्या. उंबरमाळीजवळच्या आमच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या. सकाळी किंवा जरा बसून उठलं की त्यांच्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलं टाकली की कमी, आणि दुपारपर्यंत लादीवर उभं राहून पुन्हा तेच.

कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी टाचेला बिब्बा लावला. तो उतला, कातडी सोलली, दुखणं जागेवरच. मी चिडलो आणि त्यांना शहापूरला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, तळव्याला धरून ठेवणारा पट्टा टाचेपाशी दुखावलाय. पोटऱ्या ताणायच्या, पायाखाली गार पाण्याची बाटली फिरवायची, आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. काही महिने धीर धरायचा.

मावशींनी सगळं केलं. कांदे चिरताना पायाखाली बाटली. भिंतीला रेटा देऊन पोटरी ताणू लागल्या की पोरं विचारायची, भिंत पडतेय का? "मी हाय म्हून उभी हाय," त्या सांगायच्या.

अडचण चपलांची होती. चुलीपाशी चप्पल चालत नाही, हे तुम्हीही लहानपणापासून ऐकलं असेल. मावशींनाही चपला घालून शिजवणं पटेना. शेवटी मऊ तळाच्या नव्या चपला आणल्या, फक्त आत घालायच्या, रोज धुवायच्या. दोन महिन्यांत भिंत धरणं सुटलं.

मग तपासणी आली. साहेब चिखलाचे बूट घालून थेट चुलीपर्यंत आले, खिचडी चाखली, आणि मावशींच्या पायांकडे बघून म्हणाले, "अन्नापाशी चपला? काढा आधी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या वहीत बघत राहिलो. साहेबांचा राग येतोच, पण त्यांना टाचेचं ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि त्यांचे बूटही मला दिसत होते. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चपला बंद झाल्या. पंधरा दिवसांत दुखणं परतलं आणि एका सोमवारी मावशी आल्याच नाहीत. प्रकृतीच्या कारणाने काम सोडलं, असं रजिस्टरात लिहिलं गेलं, तेही माझ्याच अक्षरात.

यंदा म्हशाच्या जत्रेत त्या दिसल्या. ताठ चालत होत्या. मी म्हटलं, मावशी, परत या, मी साहेबांशी बोलतो.

"तवा बोलाचं व्हतं, गुरुजी," त्या म्हणाल्या, आणि लेकीसोबत बैलबाजाराच्या गर्दीत निघून गेल्या.